तिशीतला नट, भिंतीवर सत्तरीचे आजोबा : फोटो म्हातारा कसा करायचा?

विंगेतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची ठाण्यातली हौशी नाट्यसंस्था आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतोय आणि नेपथ्य माझ्या गळ्यात पडलंय. घर नौपाड्यातलं, जुनं, बैठं. बाहेरच्या खोलीत मधोमध आजोबांची तसबीर. संहितेप्रमाणे आजोबा १९७९ साली, बहात्तराव्या वर्षी गेले. पहिल्या अंकात आमचा मुख्य नट नातू असतो. दुसऱ्या अंकात तोच ऐन तिशीतले आजोबा म्हणून येतो. त्यामुळे तसबिरीतल्या म्हाताऱ्याचा चेहरा याच नटाचा हवा, आणि ते प्रेक्षकाला कुणी न सांगता कळलं पाहिजे. दिग्दर्शकाचा सगळा जीव त्या तसबिरीत अडकलाय.

नट तेहतीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, दाट केसांचा. त्याने पाठवलेला फोटो फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला. कपाळभर आठ्या आल्या, भुवया पांढऱ्या झाल्या, आणि खाली गाल मात्र लग्नाच्या अल्बममधले. दिग्दर्शक बघून नुसता हसला. तो हसला की आम्हाला भीती वाटते.

माझ्याकडे जुना लॅपटॉप आणि त्यावर जिंप (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) आहे. फोटोशॉप नाही, घ्यायची ऐपतही नाही. प्रिंट वीस बाय तीस इंची काढायचाय. कुणी केलंय का असलं काम? नटाचा फोटो इथे टाकत नाही, त्याला आवडणार नाही. वर्णनावरून सांगा.

तलावपाळी

नटाला सोसायटीचा सेक्रेटरी करा. एका पावसाळ्यात गळती आणि पार्किंग, दोन्ही सांभाळू दे. सॉफ्टवेअर लागणारच नाही.

पिक्सेलपंत

आधी मूळ फोटोचं बघा. नटाने पाठवलेला बहुतेक सेल्फी असणार. सेल्फी कॅमेऱ्यात ब्यूटी मोड बऱ्याचदा आपसूक चालू असतो, आणि तो चेहऱ्यावरची रंध्रं आधीच पुसून बसलेला असतो. त्या गुळगुळीत गालावर सुरकुती चढवली की ती वरून काढल्यासारखीच दिसणार.

तालमीच्या जागी खिडकी असेल तर नटाला खिडकीला तिरका बसवा, उजेड एका बाजूने आला पाहिजे. मागचा कॅमेरा, ब्यूटी मोड बंद, फ्लॅश अजिबात नाही. समोरून उजेड पडला की चेहऱ्यातले खड्डे भरून निघतात आणि माणूस तरुण दिसतो, लग्नातले फोटोवाले उगाच समोरून दिवा मारत नाहीत. फोन तोंडाजवळ नेऊ नका, नाक फुगतं. दोन मीटर मागे उभं राहा आणि झूम करा.

विंगेतला

हो, सेल्फीच आहे. रविवारी तालीम आहे, तेव्हा नवीन काढतो.

जुनंतेसोनं

एवढं कशाला? सेपिया मारा, कडा पिवळ्या करा, चार ओरखडे टाका. झाली जुनी तसबीर.

पिक्सेलपंत

@जुनंतेसोनं, त्याने फोटो जुना होईल हो, माणूस तेहतीसचाच राहील.

आणि माझा आवडता किस मी पाडणारच : सेपिया म्हणजे पिवळं पडणं नव्हे. ती डार्करूममध्ये मुद्दाम केलेली रासायनिक प्रक्रिया होती. प्रिंटमधल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड व्हायचं आणि प्रिंट उलट जास्त टिकायचा. आल्बममध्ये ठेवलेले सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस पडतात ते वेगळं, तिथे निळसर रंगद्रव्य आधी उडतं. १९७९ ला गेलेल्या म्हाताऱ्याची तसबीर साधी कृष्णधवल असेल, जराशी उबदार झाक असलेली. तेवढंच ठेवा.

कृष्णधवल करतानाच एक फुकटचा फायदा उचला. जिंपमध्ये कलर्स, मग डीसॅच्युरेट, मग मोनो मिक्सर. तिथे लाल कमी करून निळा आणि हिरवा वाढवा. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगथरांचा (चॅनल) बनलेला असतो. लाल चॅनलमध्ये कातडी नितळ दिसते, निळ्यात प्रत्येक डाग आणि खड्डा उघडा पडतो. नुसत्या एवढ्याने आठ-दहा वर्षं वाढल्यासारखी वाटतात. दाणे मात्र वाढतील, सगळा भार निळ्यावर टाकू नका.

खाडीपलीकडे

वाशीत फोटो बनवायचं काम करतो. आधी ब्रशने करायचो, आता कॉम्प्युटरवर. तसबिरींच्या ऑर्डरी आमच्याकडे बारा महिने येतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सुरकुत्या सगळ्यात शेवटी. वय आधी चेहऱ्याच्या ठेवणीत उतरतं. गालाची चरबी विरते आणि उरलेली खाली सरकते. कानशिलं आत जातात. डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, कारण तिथलं हाडच झिजतं. जबड्याचंही तेच. नाकाचं टोक झुकतं, वरचा ओठ पातळ आणि लांब होतो, कानाच्या पाळ्या ओघळतात, भुवया उतरतात, वरची पापणी डोळ्यावर येते. अ‍ॅपवाले यातलं निम्मंच करतात, म्हणून तुमच्या दिग्दर्शकाला हसू आलं.

जिंपमध्ये यासाठी वॉर्प ट्रान्सफॉर्म आहे. ब्रश मोठा घ्या, जोर अगदी कमी. गालाचा फुगवटा हनुवटीच्या रेषेकडे ढकलत न्या, म्हणजे जबड्याची धार मोडेल. ही धार मोडली की अर्धं काम झालं समजा. वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडून खाली ओढा. दोन बुबुळांमधलं अंतर मात्र तसूभरही हलवायचं नाही. डोळे-नाक-तोंड यांची एकमेकांत बसलेली जागा बिघडली की तो दुसराच कुणीतरी माणूस होतो, मग कितीही सुंदर म्हातारा केलात तरी उपयोग नाही.

मग सावल्या. नवीन लेयर (फोटोवरचा सुटा थर), पन्नास टक्के करड्याने भरलेला, मिसळायचा मोड सॉफ्ट लाइट. त्यावर काळ्या-पांढऱ्या ब्रशने, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) पाच-सात टक्के ठेवून, हळूहळू चढवत जा. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, तिथून हनुवटीकडे उतरणारी दुसरी, डोळ्याखालची पिशवी, कानशिलाचा खळगा, गळ्याच्या दोन ताणलेल्या शिरा. प्रत्येक घडीला एक गडद कड असते आणि तिला चिकटून एक उजळ कड. नुसती गडद रेघ ओढलीत तर ती जखमेची खूण वाटते. शिकाऊ पोरं हमखास इथेच गंडतात.

कातडीचा पोत उसना घ्या. सत्तरीच्या माणसाचा फोटो त्याच खिडकीत, त्याच कोनातून काढा. नटाचे वडील किंवा काका मिळाले तर दुधात साखर. फिल्टर्समध्ये एन्हान्सखाली वेव्हलेट डिकम्पोज आहे, तो फोटोचे बारीक ते ढोबळ असे थर सुटे करून देतो. वडिलांच्या कपाळाचे, गालाचे मधले दोन-तीन थर उचला, नटाच्या फोटोवर ग्रेन मर्ज मोडमध्ये बसवा, मास्कने नको तिथले झाका. उजेड आणि आकार नटाचा राहतो, पोत तेवढा वडिलांचा येतो.

केसांना पांढरा रंग फासू नका. आधी कपाळ मागे न्या, केस विरळ करा, मग बटेबटेने कर्व्ह (उजळपणाची रेषा) वर घ्या. काही बटा करड्याच राहू द्या. डोळ्यांचं पांढरं जरा मळकट करा आणि बुबुळाच्या कडेने फिकट राखाडी कडं द्या, हे कुणी करत नाही. आणि कानावरचे केस विसरू नका!

आता तुमच्या नाटकाचं. १९७९ च्या सुमाराला स्टुडिओत काढलेली तसबीर असेल तर तिच्यात फारशा सुरकुत्या दिसायच्याच नाहीत. आमच्या लाइनमधले जुने लोक निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल चालवायचे. निगेटिव्हवर आठी पारदर्शक असते, तिथे शिसं लागलं की प्रिंटवर ती उजळते. गिऱ्हाईक खूश. त्यामुळे हाडं म्हाताऱ्याची आणि कातडी जराशी घासलेली, हीच त्या काळची खरी तसबीर.

शिवाय कित्येक घरांतली तसबीर स्टुडिओतली नसतेच. माणूस गेल्यावर धावाधाव होते, मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करतात. मागचा मंडप पुसलेला, शेजारच्याचा खांदा अर्धामुर्धा राहिलेला, आणि अंगात आजोबांनी जन्मात न घातलेला कोट. हे असं कोट चढवायचं काम मी स्वतः किती केलंय त्याला गणती नाही.

तलावपाळी

तो शेजारच्याचा खांदा!! आमच्या पणजोबांच्या फोटोत आहे. इतकी वर्षं मी ती उशी समजत होतो.

विंगेतला

खाडीपलीकडे काका, साष्टांग. हा प्रतिसाद प्रिंट काढून तालमीच्या भिंतीवर लावतोय. लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला चेहरा ही कल्पना दिग्दर्शकाला सांगितली, तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. आमच्याकडे हे चांगलं लक्षण.

कातडीबचाव

त्वचेची डॉक्टर आहे, कोपरखैरण्याला दवाखाना. वरचं सगळं बरोबर, एक भर घालते. अ‍ॅपमधला म्हातारा बऱ्याचदा गोऱ्या कातडीचा म्हातारा असतो, म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यात, ओठांवर बारीक रेषांची गर्दी. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, उन्हाचा मारा ती जास्त सोसते, त्यामुळे बारीक सुरकुत्या उशिरा येतात. आपलं वय दिसतं ते असमान रंगात : डोळ्यांभोवतीचं काळं, गालाच्या हाडावरचे काळपट पट्टे, कपाळाच्या कडा गडद. तेव्हा तुमच्या नटाला रेषा कमी आणि डाग जास्त द्या.

पंधरावीरांग

एक हिशेब मांडतो, चुकला तर सांगा. धडधाकट डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा दिसतो (अंशाचा साठावा भाग). पंधरा मीटरवरून हे अंतर भरतं सुमारे ४.४ मिलिमीटर. तुमच्या वीस बाय तीसच्या प्रिंटवर चेहरा फार तर चौदा इंच उंच असेल. त्यावरची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची सुरकुती माझ्या रांगेतून दिसणारच नाही. दिसणार ती जबड्याची रेषा, गालाचे खळगे, केसांची ठेवण, चष्मा. थोडक्यात काका म्हणतात तेच, पण भूमितीने.

त्यात प्रिंटला ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हट्टही नको. शंभरावर २००० बाय ३००० पिक्सेल होतात, कुठल्याही फोनमध्ये निघतात.

स्पिरिटगम

मी रंगभूषा करतो. पंधरावीरांग यांनी भूमितीने सांगितलं ते आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात : रेघा मारू नकोस, खड्डे पाड.

रंगमंचाची गोष्ट वेगळी असते म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. फ्रेमला काच लावू नका, स्पॉट पडला की प्रेक्षकांना आजोबांऐवजी दिवा दिसेल. प्रिंट मॅट घ्या, चकचकीत लॅमिनेशनही नको. आणि तसबीर भिंतीला सपाट ठोकू नका, वरची कड जराशी पुढे झुकलेली ठेवा. जुन्या घरांत दोरीवर टांगलेल्या तसबिरी तशाच असतात, आणि वरून येणारा उजेड खाली परततो, प्रेक्षकांच्या डोळ्यांत जात नाही.

पांढऱ्या केसांना शुद्ध पांढरा कधीच नको, प्रिंटवरही नाही. दिव्याखाली तो कापूस दिसतो. करड्यावर थांबा.

झटपट

कमाल आहे तुमची. २०२६ उजाडलं तरी ब्रश मारत बसलाय. कुठल्याही एआयला सांगा, "या माणसाला ७२ वर्षांचा कर." दहा सेकंद.

पिक्सेलपंत

झटपटराव, गोष्ट जुनीच आहे. फोटोशॉपमध्येच २०२० च्या ऑक्टोबरपासून न्यूरल फिल्टर्स आहेत, त्यातल्या स्मार्ट पोर्ट्रेटमध्ये वयाची पट्टी आहे, उजवीकडे सरकवली की माणूस म्हातारा. २०१९ च्या जुलैत फेसअ‍ॅपची लाट आली तेव्हा निम्म्या ठाण्याने आपापलं म्हातारपण स्टेटसला ठेवलं होतं.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, एआय तुमच्या माणसाला म्हातारा करत नाही, तो तुमच्या माणसाशी जुळणारा एक म्हातारा तयार करतो. दर वेळी वेगळा. कधी नाक बदलतं, कधी कानाची ठेवण. इथे तर सगळं नाटकच चेहरा ओळखण्यावर उभं आहे. दोन, फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. फेसअ‍ॅपच्या वेळी याच गोष्टीवर बोंब झाली, तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की बहुतेक फोटो ४८ तासांत पुसतो. "बहुतेक" वर किती भिस्त ठेवायची ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि फोटो नटाचा आहे, आपला नाही.

झटपट

वापरायचंच नाही असं म्हणताय?

खाडीपलीकडे

वापरा की. मीही वापरतो, कच्चा आराखडा म्हणून, गिऱ्हाईक हो म्हणालं तरच. चार-पाच नमुने काढले की कुठला खळगा कुठे पडतो याचा अंदाज येतो. मग ते बाजूला ठेवून मूळ फोटोवर काम करायचं. आमच्याकडे तयार एआय फोटो घेऊन लोक येतात, "फक्त फ्रेम करा" म्हणून. बायको बघते आणि म्हणते, हे आमचे नाहीत. मग परत सगळं पहिल्यापासून.

घंटाळीची माई

बाळांनो, सगळं वाचलं. मी एकाहत्तर वर्षांची आहे, तेव्हा या विषयातली तज्ज्ञ मीच.

तुम्ही सगळे म्हाताऱ्याला दुःखी का करताय? ओठाचे कोपरे खाली, डोळे खाली, गाल खाली. माझे कोपरे काही खाली नाहीत. हसून हसून घड्या वर गेल्यात. माणूस आयुष्यभर जसं तोंड करतो तशा घड्या पडतात. तुमचे आजोबा संहितेत कसे आहेत? तापट असतील तर भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा. मिश्किल असतील तर डोळ्यांच्या कडेला. आधी ते ठरवा की.

आणि दात! १९७९ सालच्या बहात्तराच्या माणसाला सगळे दात कुठले? दाढा गेल्या की गाल आत बसतात आणि हनुवटी नाकाच्या भेटीला निघते. कवळी असेल तर ओठ जरा पुढे. चष्मा जाड काळ्या काड्यांचा, आणि नाकावर त्याच्या दोन खुणा.

सगळ्यात सोपं सांगू? टोपी घाला त्यांना. काळी किंवा पांढरी, संहितेत बसेल ती. केसांची भानगडच मिटली.

विंगेतला

माई!!! टोपी! आठवडाभर मी कपाळ मागे न्यायच्या खटपटीत आहे.

स्पिरिटगम

माईंना रंगभूषेचं प्रशस्तिपत्र द्या रे कुणीतरी.

कातडीबचाव

माईंचं दातांचं अगदी खरं. दात गेले की ते धरून ठेवणारं जबड्याचं हाडही झिजत जातं, म्हणून चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आखूड होतो. वॉर्पमध्ये हनुवटी थोडी वर आणा.

ऐरोलीलोकल

धागा आठवडाभर वाचतेय, विचारू की नको करत होते. थोडं अवांतर आहे.

माझे बाबा १९९१ साली गेले, छत्तीस वर्षांचे होते. भिंतीवर त्यांचा त्या वयातला फोटो आहे. आई आता एकोणसत्तरची. परवा ती सहज म्हणाली, "आता हा माझ्या मुलासारखा दिसतो, नवरा कसा म्हणू?" आम्ही सगळे हसलो, ती पण हसली. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. तिच्या पंच्याहत्तरीला दोघांचा एकत्र फोटो करून द्यावा असं वाटतं, बाबा तिच्याच वयाचे. भावाला हे अजिबात पसंत नाही. तो म्हणतो, बाबा छत्तीसच्या पुढे जगलेच नाहीत, आपण खोटं कशाला रचायचं?

पंधरावीरांग

भावाशी सहमत. जे घडलं नाही त्याचा फोटो कशाला?

झटपट

फोटो काय, मनाच्या समाधानासाठी असतो. आईला आवडेल ना, मग झालं.

पंधरावीरांग

आईला आवडेल हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिने फोटो मागितलेला नाही. तिने एक विनोद केला.

पिक्सेलपंत

कसं करतात तेवढं सांगू शकतो, करावं की नाही ते नाही. हे तंत्र मुळात गंमत म्हणून वाढलेलं नाही. नॅन्सी बर्सन नावाच्या अमेरिकन कलावतीने चेहऱ्याचं वय बदलण्याच्या पद्धतीवर १९८१ मध्ये पेटंट घेतलं, आणि पुढे हेच तंत्र हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी वापरलं गेलं. तिकडच्या हरवलेल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्रातले कलाकार आजही अंदाजाने चेहरा वाढवत नाहीत. आईवडील, मोठी भावंडं त्या वयात कशी दिसत होती त्याचे फोटो मागवतात आणि त्यावरून जातात. बाबांचे थोरले भाऊ किंवा आजोबा यांचे सत्तरीतले फोटो असतील तर तेच खरं भांडवल. केस कसे गेले, गाल कसे बसले, हे घराण्यातूनच येतं.

खाडीपलीकडे

ऐरोलीताई, असं काम माझ्याकडे येतं. फार नाही, पण येतं. मी दोन अटी घालतो. ज्याच्यासाठी करायचं त्या माणसाला आधी विचारायचं, सरप्राइज म्हणून करणार नाही. एका घरी मुलांनी वाढदिवसाला समोर फोटो धरला आणि आईंना ते सोसलं नाही. तेव्हापासून मी ऐकत नाही. दुसरं, प्रिंटच्या मागे मी शाईने लिहितो : "हा फोटो तयार केलेला आहे", आणि साल घालतो. आज घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नास वर्षांनी फ्रेम ज्याच्या हातात जाईल त्याला कोण सांगणार?

मूळ फोटो भिंतीवरून काढू नका एवढं माझं ऐका. नवा केलात तर तो आतल्या खोलीत लावा, नाहीतर आल्बममध्ये ठेवा.

घंटाळीची माई

ऐरोली, माझे यजमानही लवकर गेले. पन्नाशीत. मला विचारशील तर मला नको असा फोटो. त्यांना म्हातारपण आलं असतं तर ते कसे वैतागले असते ते मला माहीत आहे, त्यासाठी चित्र लागत नाही. पण तुझ्या आईचं मला काय ठाऊक? तिलाच विचार. चहा पिता पिता विचार, मोठी सभा भरवू नकोस.

ऐरोलीलोकल

विचारते माई. काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. भावालाही हा धागा वाचायला दिलाय, तो म्हणतो पंधरावीरांग यांना माझा नमस्कार सांग.

तलावपाळी

वातावरण गंभीर झालंय म्हणून एक खरी माहिती. २०११ साली हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांचंच म्हातारं रूप कॉम्प्युटरवर दाखवलं आणि मग विचारलं, निवृत्तीसाठी किती बाजूला टाकाल? ज्यांनी म्हातारं रूप पाहिलं त्यांनी जास्त सांगितले. मी हे वाचून बायकोला माझा म्हातारा फोटो दाखवला. ती म्हणाली, मग आतापासूनच माझ्या नावावर टाक.

विंगेतला

अपडेट देतो. फोटो झाला! नवीन फोटो खिडकीत काढला, पोत नटाच्या वडिलांचा घेतला, काळी टोपी, जाड चष्मा, दाढा काढल्या, उजवीकडे शेजारच्याचा खांदा ठेवला. भुवयांमध्ये दोन उभ्या रेघा दिल्या, कारण संहितेतले आजोबा तापट. निळा चॅनल, करडे केस, कातडी जरा घासलेली. दिग्दर्शकाने लांबून बघितला, जवळून बघितला, आणि "टांगा" म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

मॅट प्रिंट काढून सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) चिकटवलाय, बिनकाचेच्या जुन्या लाकडी फ्रेममध्ये.

पण आता वेगळंच त्रांगडं झालंय. संहितेत तसबिरीला चंदनाचा हार आहे, पहिल्याच प्रवेशात सून हार पुसते. परवा नटाची आई तालमीला डबा घेऊन आली. मुलाचा चेहरा, वर हार. बाईंनी डबा तिथेच ठेवला आणि दिग्दर्शकाला म्हणाल्या, "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, एवढं कळत नाही का तुम्हाला?" नट म्हणतो सोडा, मला काही फरक पडत नाही. दिग्दर्शक म्हणतो हाराशिवाय प्रवेशच उभा राहत नाही.

झटपट

अंधश्रद्धा. दुर्लक्ष करा.

घंटाळीची माई

झटपट, तुझ्या आईला एकदा दाखव असा फोटो, मग बोलू.

स्पिरिटगम

हे आमच्याकडे नेहमीचं आहे. मी काम केलेल्या एका संचात नटाने स्वतःच अट घातली होती, पडदा पडला की सगळ्यात आधी माझा हार उतरवायचा, मग मेकअप. रंगमंच व्यवस्थेच्या मुलाला ती ड्यूटीच लावून दिली होती. तुम्हीही तसं करा. हार फ्रेमला कायमचा ठोकू नका, तिसऱ्या घंटेला घालायचा, पडद्याबरोबर काढायचा. वाहतुकीत, तालमीत तसबीर बिनहाराची. बाईंना हे आधी समजावून सांगा, आणि नटाने नाही, दिग्दर्शकाने जाऊन सांगावं.

खाडीपलीकडे

अजून एक सुचवतो. नटाच्या वडिलांचा पोत घेतलाय, त्यांची हनुवटी आणि कानही थोडे घ्या. हवं तर बाईंच्या माहेरच्या कुणाचं नाक घ्या. मग त्यांना सांगता येईल की हा तुमचा मुलगा नव्हेच, घराण्यातला कुणीतरी पूर्वज आहे. डोळे तेवढे नटाचे ठेवा, तुमचं काम होईल.

पंधरावीरांग

नाक बदललं तर माझ्या रांगेतून ओळखू येणार नाही हो. कान बदला.

विंगेतला

कान बदलले. नटाच्या मामांचे आहेत, चांगले लांब पाळ्यांचे. दिग्दर्शक काल स्वतः त्यांच्या घरी जाऊन आला. बाईंनी फोटो जवळ घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "हे तर आमचे दादाच." हार चालेल, पण प्रयोग संपल्यावर तो त्यांच्याच हातात द्यायचा, दुसऱ्या कुणी ठेवायचा नाही. दिग्दर्शकाने मान्य केलं. म्हणजे दर प्रयोगाला त्यांना पास आलाच.

तलावपाळी

बाईंनी बरोब्बर डाव साधला! प्रयोग कुठे, गडकरी रंगायतनला का घाणेकर नाट्यगृहाला?

विंगेतला

केंद्र आणि तारीख लागली की इथेच टाकतो.

पिक्सेलपंत

जिंपची मूळ फाईल सगळ्या लेयरसकट दोन ठिकाणी ठेवा, नुसती जेपीजी नको. अंतिम फेरीत गेलात आणि मधेच नट बदलावा लागला तर पोत, टोपी, चष्मा, कान सगळं तयार असेल.

विंगेतला

पंत, शुभ बोला. फाईल पेन ड्राइव्हवर टाकली आहे, पण नटाला सांगितलेलं नाही.